वाचले तर मतही सांगा

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा आमचा माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. एक दिनदर्शिका, बाबासाहेबांचे किंवा तथागतांचे एखादे चित्र आणि दोन-चार पुस्तके एवढे तरी पिशवीत असतेच. दादरला पकडलेल्या कर्जत-खोपोली लोकलमध्ये त्या रात्री नुसती नजर टाकावी. उभ्याने प्रवास करणारी पोरेसुद्धा नवे पुस्तक चाळताना दिसतात. शिवाजी पार्कवर किती पुस्तके खपली याच्या बातम्या आता प्रस्थापित वर्तमानपत्रेही छापतात. याच वर्तमानपत्रांना वर्षानुवर्षे आमच्या गर्दीत वाहतुकीच्या अडथळ्यापलीकडे काही दिसत नव्हते. ठीक आहे, छापोत बापडी. आमचा प्रश्न वेगळा आहे. विकत घेतलेल्या पुस्तकाचे पुढे काय होते? ते वाचले जाते काय? आणि वाचले गेले तर वाचणाऱ्याला काय वाटले, हे त्याला कोणी विचारते काय?

आमचे उत्तर असे की वाचले जाते, पण विचारले जात नाही.

मराठीत पुस्तकावर मत देण्याचा मक्ता ठरावीक लोकांकडे राहिला. प्राध्यापकाने परीक्षण लिहायचे, समीक्षकाने लेखकाला थोर ठरवायचे किंवा पाडायचे, आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती प्रामाणिक आहे. या कवितेतले जग आणि त्याची भाषा आपल्याला परकी आहे, हे त्यांनी लपवले नाही. परंतु ज्यांना ते जग परके नव्हते, जे त्याच गल्ल्यांमधून कामावर जात-येत होते, त्यांचे ‘गोलपिठा’विषयीचे मत कोणी छापले? आमच्याकडेही हा रोग कमी नाही. आमच्या प्रकाशन समारंभांना आम्ही जातो. व्यासपीठावरचे सहा पाहुणे बोलतात, त्यातल्या चौघांनी पुस्तक उघडलेले नसते, आणि पुस्तक वाचून आलेला श्रोता मागच्या खुर्चीवर गप्प बसलेला असतो. वेळेअभावी त्याला बोलता येत नाही. वेळ पाहुण्यांच्या सत्कारात गेलेला असतो.

वास्तविक मत देणे ही आमच्या चळवळीची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा, १८८५ साली, जोतीराव फुल्यांनी जे उत्तर धाडले ते कोणते होते? ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही त्यांच्या सभेशी आमचे ग्रंथ जुळणार नाहीत, अशा आशयाचे ते पत्र म्हणजे एका वाचकाने एकूण मराठी ग्रंथव्यवहारावर दिलेले मतच होते. त्याच्या तीन वर्षे आधी ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्यांच्या काळातल्या गोष्टींच्या पुस्तकांत आणि नाटकांत बाई कशी रंगवली जाते, याचा तीत खरपूस समाचार घेतला आहे. बाबासाहेबांनी १९१८ साली बर्ट्रांड रसेल यांच्या समाजरचनेवरील पुस्तकाचे परीक्षण ‘इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’च्या नियतकालिकात लिहिले. ते आज शासनाने काढलेल्या पहिल्या खंडात आहे. रसेल म्हणजे त्या काळचे केवढे नाव! पण युद्ध, बळाचा वापर, मालमत्ता यांविषयीची त्यांची काही मते बाबासाहेबांनी उचलून धरली आणि काहींवर सरळ हरकत घेतली. सत्तावीस वर्षांच्या एका अस्पृश्य तरुणाने जगप्रसिद्ध तत्त्वज्ञाला ‘येथे तुमचे पटत नाही’ असे लिहून कळवले. आमच्या विहारांतून बाबासाहेबांच्या हातातल्या पुस्तकाची पूजा होते. पुस्तक वाचून त्यांनी काय केले, तेवढे मात्र आम्ही घेत नाही.

आता कर्जत-खालापूरकडे येऊ. हा पट्टा आम्ही जवळून पाहतो. कर्जत हे रेल्वेचे गाव. घाट चढणाऱ्या गाडीला येथे मागून इंजिने लागतात. रेल्वेने आमच्या किती कुटुंबांना पहिला पगार दिला आणि पगारातून पहिले पुस्तक दिले. खालापूर-खोपोलीकडे कारखाने. भोवती डोंगर, त्यांत ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. सार्वजनिक वाचनालयात गेलात तर कपाटात ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ हमखास सापडतील, पाने सुटेपर्यंत वाचलेली. बौद्धवस्तीतल्या विहारात गेलात तर बाबासाहेबांचे खंड सापडतील, पाने न सुटलेली. एका विहारात आम्ही पाहिले की खंड मूर्तीशेजारच्या काचेच्या कपाटात आहेत, वर हार आहे, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ कामाला कल्याणला जातात. म्हणजे रात्री नऊपर्यंत बाबासाहेब कुलपात!

या पट्ट्यातल्या वाचकांची मते गेली काही वर्षे आम्ही ऐकत आलो आहोत. लोकलमध्ये, जयंतीच्या मंडपात, मयताच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत. त्यांतून आम्हाला एक गोष्ट दिसली. आमचा वाचक कथा-कादंबरी वाचतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘हे खरेच घडले काय?’ तोच वाचक संशोधनाचा ग्रंथ वाचतो तेव्हा ‘हे खरे कशावरून?’ असे मात्र विचारत नाही. जिथे पुरावा मागायचा नाही तिथे आम्ही पुरावा मागतो. जिथे मागायचा तिथे हात जोडतो. आमच्या मते चळवळीचे यात नुकसान होत आहे, आणि ते कसे, हे उदाहरणांनीच सांगितलेले बरे.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ सालच्या त्यांच्या संग्रहात आली. नायक रेल्वेत नोकरीला लागतो, उधन्याला. राहायला खोली हवी म्हणून जात सांगत नाही. त्याच कामावर काशीनाथ हा जात न लपवता, छाती पुढे काढून वावरणारा माणूस आहे. शेवटी नायकाची जात फुटते, त्याला मार पडतो, आणि सोडवायला काशीनाथच धावतो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका दादांनी ही कथा किमान दहा वेळा वाचली आहे. त्यांचे मत ऐका. ते म्हणाले, “हे उधन्याला घडले का, ते मला ठाऊक नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा मला क्वार्टर मिळाले नव्हते. मी सहा महिने आडनाव अर्धेच सांगत होतो. बागुलांनी माझे लिहिले नाही, पण मला पकडले.”

हे मत कोणत्या समीक्षेच्या पुस्तकात सापडेल? दादांचा नातू आता नेरळच्या बाजूला नव्या इमारतीत भाड्याने जागा शोधतो. दलाल फोनवर आधी आडनाव विचारतो, मग ‘मालकांना शाकाहारी कुटुंब पाहिजे’ म्हणतो. नातवाने ती कथा वाचली आणि आजोबांना उलट प्रश्न केला. बागुलांनी गोष्ट काशीनाथच्या बाजूने का नाही सांगितली? आजोबा-नातवाचे यावर अजून एकमत झालेले नाही. आजोबा म्हणतात की चोरणाऱ्याची लाज दाखवायची होती. नातू म्हणतो की लाज आम्हाला का, ज्याने विचारले त्याला का नको? साठ वर्षांपूर्वीच्या कथेवर एका घरात असे भांडण चालते, यापेक्षा त्या कथेला आणखी काय पाहिजे? ‘खरेच घडले काय’ या प्रश्नाने हे भांडण सुरूच झाले नसते.

‘मृत्युंजय’ची गोष्ट निराळी. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची. ती आमच्या लोकांनी अमाप वाचली, हे कबूल केले पाहिजे. सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला कर्ण आमच्या पोरांना आपला वाटला. अनेकांनी मुलांची नावे कर्ण ठेवली. आमचे काही कार्यकर्ते यावर चिडतात. महाभारतातली पात्रे आपली कशी, असे म्हणून पुस्तकच बाद करतात. पण खोपोलीच्या एका ताईंनी ती कादंबरी दोनदा वाचून जे मत दिले, ते या चिडण्याहून फार पुढचे आहे. त्या म्हणाल्या, “कर्ण शूर आहे, दानी आहे, तेजस्वी आहे, सगळे आहे. पण शेवटी कळते काय, तर तो कुंतीचा मुलगा, जन्माने क्षत्रिय. म्हणजे अधिरथ-राधेच्या पोटचा असता तर एवढा मोठा होऊ दिला असता का? गोष्ट सांगते गुणाची, आणि दाखला देते जन्माचा.” आम्ही यावर काही बोलू शकलो नाही. न वाचता बाद करणाऱ्याला हे कधीच सुचले नसते, आणि वाचून नुसते रडणाऱ्यालाही सुचले नसते. ताईंचे शिक्षण दहावी. त्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या.

आमच्या स्वतःच्या पुस्तकांविषयी आम्ही इतके मोकळे आहोत काय? १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले तेव्हा पांढरपेशा जगाने टाळ्या वाजवल्या, आणि आमच्यातल्या अनेकांनी ‘आपली घाण वेशीवर टांगली’ म्हणून पवारांना दूषणे दिली. ते मत आजही या पट्ट्यात ऐकू येते. आम्ही त्याच्याशी सहमत नाही, पण ते तुच्छतेने झटकून टाकण्याजोगेही नाही. ते म्हणणाऱ्या एका आजोबांचा मुद्दा असा की वाचणारे दोन प्रकारचे असतात. आपला वाचतो तेव्हा त्याला कोंडवाडा दिसतो. परका वाचतो तेव्हा त्याला कोंडवाड्यातली माणसे दिसतात, आणि कोंडवाडा कोणी बांधला ते तो विसरतो. हा मुद्दा वाचकांविषयीचा आहे, तेव्हा त्याचा राग पवारांवर काढण्यात अर्थ नाही. पण हा मुद्दा आमच्या साहित्य संमेलनात कोणी मांडू दिला काय? बेबीताई कांबळे फलटणला आपल्या दुकानात बसून माल बांधायला आलेल्या रद्दीचे कागद वाचत. घरच्यांपासून लपवून त्यांनी जे लिहिले, ते ‘जिणं आमचं’ म्हणून १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्या पुस्तकात त्यांनी आपल्या समाजातल्या पुरुषांनी बाईवर केलेला जुलूमही लिहिला. आमच्या किती मंडळांनी त्या पानांवर चर्चा ठेवली? सासुरवाशिणीचे हाल वाचून एका विहारातल्या बाया रडल्या आणि पुरुष पान उलटा म्हणाले, एवढे आम्हाला ठाऊक आहे.

ऊर्मिला पवार आमच्या कोकणच्या, रत्नागिरीकडच्या. त्यांचे नाव येथे मुद्दाम घेतो, कारण एकाच हाताने कथा, आत्मकथन आणि संशोधन अशा तिन्ही गोष्टी लिहिल्या. ‘सहावं बोट’मधल्या कथा, २००३ चे ‘आयदान’, आणि मीनाक्षी मून यांच्याबरोबर केलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). या शेवटच्या पुस्तकासाठी दोघी गावोगाव, घरोघर जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांशी बोलल्या. एरवी त्यांची नावे कोणत्याही बखरीत आली नसती. आमच्या एका वाचक भगिनीचे मत असे की ‘आयदान’ वाचताना ती थांबली नाही, पण ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचताना पानोपानी थांबून आईला विचारत राहिली की तू तेव्हा कुठे होतीस? संशोधनाच्या ग्रंथाने असे थांबवावे, असे आम्हाला वाटते. तिची आई तेव्हा कुठे होती, ते आता तिच्या मुलीने वहीत उतरवून घेतले आहे.

येथून आम्ही अवघड भागाकडे येतो. काही मंडळींना आमचे पुढचे म्हणणे रुचणार नाही.

१९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढायला सुरुवात केली. १९८७ साली चौथा खंड आला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. राम-कृष्णावरील परिशिष्टावरून गदारोळ उठला. ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या. जाळणाऱ्यांनी तो वाचलेला नव्हता, हे सांगायला नको. त्याला उत्तर म्हणून १९८८च्या फेब्रुवारीत मुंबईत आमच्या समाजाचा अतिविराट मोर्चा निघाला. पुढे त्या मजकुराशी शासन सहमत नाही अशी टीप घालून परिशिष्ट राहिले. त्या मोर्चाला कर्जतहून गेलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला हसत म्हणाले, “मोर्चाला आधी गेलो, पुस्तक चार वर्षांनी हाती आले, आणि इंग्रजी असल्याने वाचायला पोरगा पदवीधर होईपर्यंत थांबलो.” त्यांचा मोर्चा चुकीचा नव्हता. पुस्तक छापण्याचा हक्क ते राखत होते, आणि तो राखला गेला म्हणून पोराला ते वाचता आले. पण पोराने वाचल्यावर काय म्हटले? तो म्हणाला, बाबा, यात बाबासाहेब शिव्या देत नाहीत, प्रश्न विचारतात, आणि प्रत्येक प्रश्नाला त्या-त्या ग्रंथाचा आधार देतात. चौकात आम्ही घोषणा दिल्या ‘रिडल्स’च्या, पण ‘रिडल’ म्हणजे कोडे, हे आमच्या किती भाषणांत आले?

आधाराचा हा आग्रह आज आमच्या स्टॉलवरच्या पुस्तकांना लावून पाहा. चैत्यभूमीवर काय, महाडला काय, तीस-चाळीस रुपयांच्या पुस्तिकांचे ढीग असतात. त्यांतल्या काही उत्तम आहेत. गरीब वाचकाला परवडेल अशा किमतीत त्यांनी फुले-आंबेडकर घरोघर नेले. पण काहींत असे दावे असतात की ज्यांना ना शिलालेखाचा आधार, ना ग्रंथाचा. अमुक देऊळ मुळात विहार होते, तमुक सण मुळात आपला होता, आणि बाबासाहेब अमुक ठिकाणी असे म्हणाले होते. कोणत्या ठिकाणी? कोणत्या साली? लेखक सांगत नाही, वाचक विचारत नाही. आता तर हेच दावे व्हॉट्सॲपवर फिरतात आणि मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या मिळवतात. विरोधक याच पानांचे फोटो काढून आमच्या खऱ्या संशोधनाची टिंगल करतो. देवळाखाली विहार कुठेच सापडले नाही, असे आम्ही म्हणत नाही. जिथे सापडले तिथे पुरावा आहे, म्हणून तर दावा टिकतो. वर उल्लेखिलेल्या रेल्वेच्या दादांनी यावर आपल्यापुरता उपाय काढला आहे. कोणी बाबासाहेबांचे वाक्य फेकले की ते खिशातून छोटी डायरी काढतात आणि म्हणतात, “खंड सांग, पान सांग.” पुष्कळांनी त्यांच्याशी बोलणे टाकले आहे! पण दोन पोरे त्यांच्यामुळेच अठराव्या खंडातली मराठी भाषणे वाचायला लागली. तीन भाग आहेत, सगळे मराठीत, इंग्रजीची सबब चालत नाही. अर्थात ते खंड मिळाले पाहिजेत. छपाई रखडल्याची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, यावरून शासनाला आमच्या वाचनाची किती काळजी आहे ते समजावे.

संशोधनाचा ग्रंथ तपासायला विद्यापीठातच जावे लागते असे नाही. राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत, कर्जतपासून जवळ. पश्चिम भारतातल्या जुन्या बौद्ध लेण्यांपैकी ही एक. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ ब्राह्मी लेख आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असा त्याचा अर्थ लावतात. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० सालच्या ग्रंथापासून पुढच्या अनेक अभ्यासकांनी या लेण्यांविषयी लिहिले. आमची काही तरुण मुले पुस्तकातले पान झेरॉक्स करून तिथे गेली, लेख शोधला, कमानी मोजल्या आणि भांडत परत आली. एकाचे म्हणणे, बलक हा शिल्पकार. दुसऱ्याचे म्हणणे, हा दान देणारा किंवा करवून घेणारा असेल, हातात छिन्नी धरणाऱ्याचे नाव कोण कोरतो? आम्हाला विचाराल तर कोंढाण्याला जाऊन फोटो काढणाऱ्या पन्नास सहलींपेक्षा ही एक सहल मोलाची.

आणि ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिले जातात पण ज्यांच्या हाती ते पडत नाहीत, त्यांचे काय? कातकऱ्यांवर ए. एन. वेलिंग यांचा समाजशास्त्रीय ग्रंथ १९३४ साली इंग्रजीत निघाला. अलीकडे, २०१३ साली, डॅनिएल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे कातकऱ्यांच्या राहत्या जागेच्या हक्कावरचे पुस्तक आले, तेही मूळ इंग्रजीत. वाडी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहे, पण घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर, आणि मुंबईच्या बाजूने जमिनीचा भाव चढत आला तसे उठवण्याचे भय वाढले, हा त्याचा विषय. काम मोलाचे आहे, कारण ते लोकांबरोबर राहून झाले. त्यातला भाग आम्ही एका वाडीवर मराठीत सांगितला. वीटभट्टीवरून नुकतीच परतलेली एक म्हातारी शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “भट्टीवर जातो तेव्हा घर बंद असते, तेव्हाच कुंपण पडते. हे लिहिले आहे का?” आम्ही पान शोधू लागलो तोवर ती चुलीकडे गेली. आमच्या भाषणांत ‘बहुजन’ शब्द येतो तेव्हा ही म्हातारी त्यात असते. आमच्या वाचनात ती अजून नाही.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आमच्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ तीन महिने रोज वाचला जातो, म्हणजे महाराष्ट्रातले हे केवढे मोठे सामुदायिक वाचन! पण ते कसे होते? एकजण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, शेवटी सरणत्तय, आणि घरी. वाचनाला सुरुवातही बहुधा सिद्धार्थाच्या जन्मापासून होते. प्रास्ताविक गाळले जाते. त्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये मूळ उपदेशात होती काय? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा? भिक्खू हा स्वतःपुरता पूर्ण माणूस की समाजाचा सेवक? आणि हे प्रश्न मांडून ते वाचकांनीही त्यांच्या उत्तरात आपली भर घालावी अशी अपेक्षा व्यक्त करतात. म्हणजे ग्रंथाच्या दारातच त्यांनी वाचकाला बोलायला सांगितले आहे. आम्ही ते पान उलटतो आणि हात जोडतो.

पहिल्या प्रश्नाचे बाबासाहेबांचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. म्हातारा, आजारी आणि मृत पाहून सिद्धार्थ निघाला, ही परंपरेची कथा त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नव्हते काय, हा त्यांचा साधा सवाल. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद, शाक्य संघाने घेतलेला युद्धाचा ठराव आणि त्याला सिद्धार्थाने केलेला विरोध त्यांनी पुढे ठेवला. कर्जत तालुक्यातल्या एका विहारात हा भाग वाचला गेला त्या संध्याकाळी आम्ही हजर होतो. या भागाला पाण्याचा वाद समजावून सांगावा लागत नाही. महाडचे चवदार तळे याच रायगड जिल्ह्यातले. १९१५ पासून खोपोलीला आणि १९२२ पासून भिवपुरीला घाटावरच्या धरणांचे पाणी पाइपांतून उतरते, टाटांची वीज होते, खालच्या नद्यांना बारमाही पाणी मिळते, आणि त्याच डोंगरांच्या अंगावरच्या वाड्यांतल्या बाया एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर हंडे घेऊन अर्धा डोंगर उतरतात. तेव्हा वाचन संपल्यावर मागे बसलेल्या एका उपासिकेने विचारले, “भांडण पाण्याचे. पाणी भरणाऱ्या बाया. मग त्या सभेत बाया होत्या का? यशोधरेला पण जायचे होते, राहुलसाठी ती मागे राहिली. तिला सभेत बोलायला दिले असते तर ती काय बोलली असती?”

वाचन करणाऱ्या बंधूंनी “ताई, ग्रंथावर शंका घ्यायची नसते” असे म्हणून ग्रंथ मिटला आणि वंदनेला सुरुवात केली.

येत्या आषाढ पौर्णिमेला आमच्या विहार समित्यांनी चार गोष्टी कराव्यात. वाचन प्रास्ताविकापासून सुरू करावे. कपाटाची किल्ली विहारातच, खिळ्याला टांगावी. रोजच्या वाचनानंतर पंधरा मिनिटे सत्काराशिवाय मोकळी ठेवावीत. आणि एक दोनशे पानी वही घ्यावी. तारीख, पुस्तक, वाचकाचे नाव त्याची इच्छा असल्यास, आणि मत, मग ते ‘फकिरा’वर असो, ‘मृत्युंजय’वर असो, की खंडांवर. अक्षर येत नसेल त्याचे मत शाळेतल्या मुलाने लिहून घ्यावे. आश्विन पौर्णिमेला त्या वह्यांतली निवडक मते या दैनिकाकडे पाठवावीत. आम्ही ती छापण्याचा आग्रह संपादकांकडे धरू, परीक्षणांच्या आधी. त्या उपासिकेचा प्रश्न आमच्या वहीत पहिल्या पानावर उतरवलेला आहे आणि त्याखालची जागा कोरी ठेवली आहे.